जायफळाचे दोन वेढे

चौथी पास झाले आणि माझी शाळा सुटली. पाचवीचा वर्ग खाडीपलीकडे होता, रोज होडीतून जा-ये करायला मुलीला पाठवणार कोण, आणि खरं सांगायचं तर घरात माझी गरज होती. वडील मुंबईला गोदीत नोकरीला. ते गणपतीला येणार, शिमग्याला जमलं तर येणार. माझ्या पाठची दोन भावंडं, एक म्हैस, आठ-दहा माड आणि आई. शाळा सुटल्याचं दुःख झालं होतं का ते आता आठवत नाही. एवढं मात्र आठवतं की शाळेतून मी एक गोष्ट फार तोऱ्यात घरी आणली होती, ती म्हणजे मोजणं. मी सगळं मोजत सुटायचे. विहिरीच्या पायऱ्या, दारासमोरून गेलेली शिडं, म्हशीने रवंथ करताना हलवलेला जबडा, भाकरी थापताना आईच्या हाताचा होणारा आवाज. आई मोजायची ती विसाविसाच्या कोड्यांनी, आणि तेही नारळ उतरवले तरच. बाकी तिला मोजण्याची गरज कधी पडत नसे.

आमच्या आचऱ्याच्या वाडीत कुणाच्याही घरी बाळ झालं की बाराव्या दिवसानंतर आईला बोलावणं यायचं. ती सुईण नव्हती. ती फक्त घुटी उगाळायची. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, बाळहिरडा, जायफळ, सगळं घराघरात असायचं, पण गोदाकाकीच्या, म्हणजे आईच्या, हाताची घुटी लागली म्हणजे मूल अंग धरतं, असं बायकांनी ठरवून टाकलं होतं. सकाळची पेज झाली की आम्ही निघायचो. मुळांचा बटवा आईच्या कनवटीला आणि सहाण माझ्या डोक्यावर, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. ती सहाण आईला तिच्या आईकडून आलेली. दोन तळहातांएवढा काळा दगड, मध्ये खोलगट झालेला, आणि त्या खोलगटात बोट फिरवलं तर भिजलेल्या साबणासारखं वाटायचं. आई त्यावर चार थेंब बाळंतिणीचं दूध नाहीतर कढत पाणी टाकायची आणि एकेक मुळी गोल फिरवायची. त्याचा आवाजच व्हायचा नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मला त्या नसलेल्या आवाजाची आठवण वेळेवर झाली नाही.

आई फिरवायची आणि मी शेजारी उकिडवी बसून मोठ्याने वेढे मोजायचे. हळकुंडाचे तीन. वेखंडाचे दोन. बाळहिरड्याचे तीन. जायफळाचा मूल किरकिरं असेल तरच एक, आणि फार रडकं असेल तर दोन. बायका हसायच्या. "ह्या बगा, गोदाकाकीचा कारकून इला," म्हणायच्या आणि माझ्या हातावर खोबऱ्याचा नाहीतर गुळाच्या खाज्याचा तुकडा ठेवायच्या. आई मला कधी गप्प बस म्हणाली नाही. मग ती ते सगळं एका पांढऱ्या मोठ्या शिंपलीत निपटून घ्यायची, उजेडाकडे धरून बघायची, आणि बाळाच्या ओठाला लावायची. ती उजेडाकडे का धरायची, हे मी तिला पाच-सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, होडीवरचा तांडेल भरती-ओहोटी बघायला उगीच समुद्राकडे बघतो, तशीच ही सवय. आकडे माझ्याकडे होते ना.

सतराव्या वर्षी माझं लग्न झालं. मुलगा देवबागचा, पण एडनच्या बंदरात एका बोटदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होता. परदेश म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं; मला वाटत होतं, मुंबईच्या थोडं पुढे. निघायच्या दिवशी आईने माझ्या ट्रंकेत साड्यांखाली सहाण ठेवली. माझी थोरली नणंद ट्रंक बांधायला आली होती, तिने ती चाचपून बाहेर काढली आणि सगळ्यांसमोर वर धरली. "एडनाक काय दगड गावणत नाय? थंय म्हणे डोंगरच्या डोंगर काळे आसत," ती म्हणाली आणि ओटीवर हशा पिकला. मीही हसले. नव्या घरच्या माणसांत बावळट दिसायची भीती होती. मी स्वतःच्या हाताने सहाण आईला परत दिली. आई एवढंच म्हणाली की व्हया तेव्हा कळय, मुळां धाडीन. तिने दगड पदराखाली घेतला, जसं कुणी परत केलेलं वाण घ्यावं तसं. आजही ते आठवलं की मी या परक्या मुलखातल्या उबदार खोलीत एकटीच मान खाली घालते.

एडनला डोंगर खरंच काळे होते. नणंद चुकली नव्हती. जळून गेलेल्या भांड्याच्या बुडासारखे काळे, त्यावर गवताची काडी नाही, आणि खाली बंदरात पांढऱ्याशुभ्र बोटी. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. गच्चीवर गेलं की समुद्र दिसायचा, पण तो आमचा समुद्र नव्हता. त्याला वास वेगळा, आणि त्याच्या काठाला एक माड नाही. दिवसभर बोटींचे भोंगे. शेजारी गुजराती, अरब, सोमाली. बोललेलं एक अक्षर कळत नसे. ह्यांची पाळी सकाळी सहाला सुरू व्हायची. मी दाराला कडी लावून आत बसून राहायचे आणि खिडकीतून खाली चालणाऱ्या शेळ्या मोजायचे.

दिवस राहिले तेव्हा मला ओकाऱ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे आमच्याकडे विचारायची सुद्धा गोष्ट नसते. पण डॉक्टरांनी बोटीचा प्रवास नको म्हणून सांगितलं, आणि ओकाऱ्या थांबायची वाट बघता बघता सातवा सरत आला. त्यानंतर बोटवाले घेत नाहीत. ज्या दिवशी हे नक्की झालं त्या दिवशी मी जिन्यात बसून 'आये, आये' करत रडत होते. वरून एक बाई काळा बुरखा सावरत उतरत होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "खंयची गो तू?" एडनला आल्यापासून ह्यांच्याशिवाय कुणाच्या तोंडून ऐकलेला हा पहिला 'गो'. मी आचऱ्याची म्हटलं. त्या आमच्याच किनाऱ्यावरच्या, जामसंड्याच्या. नाव हलीमा, नवरा बंदरातल्या टगबोटीवर सारंग म्हणजे मुख्य खलाशी, पाच मुलं. त्यांना सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, मीही म्हणू लागले. त्या संध्याकाळी त्यांनी वाटीभर कोकमाची सोलं आणून दिली, त्यांच्या माहेरच्या डब्यातली शेवटची. मी त्या सोलांची कढी प्यायले आणि पहिल्यांदा ओकले नाही.

माझं सगळं बाळंतपण खालांनी निभावलं. डोहाळजेवण त्यांनी घडवून आणलं, ओटी भरायला खालच्या मजल्यावरच्या गुजराती मोठीबेनना बोलावलं, कारण म्हणे "आमका ती रीत येवची नाय, चुकली तर तुझी आवस माका शिव्या घालीत." पण हिरव्या बांगड्या त्यांनीच बाजारभर फिरून आणल्या, आणि नारळ तर कुठल्याशा आफ्रिकेच्या गलबतावरून मिळवला. इसवण माशाचं सार कसं पातळ करायचं, पाय सुजले तर कसे उंच ठेवायचे, कळा खऱ्या कुठल्या आणि खोट्या कुठल्या, सगळं जिन्यातल्या पायरीवर बसून. मुलगी झाली सरकारी इस्पितळात. ह्यांनी गावी तार केली. खालांनी बाळाला पहिली आंघोळ घातली, आणि त्यांच्या मांडीवर माझी शैला अशी पसरली होती, जशी काय तीच तिची आजी. देवाने मला आईपासून इतकं लांब नेलं आणि जिन्यात दुसरी एक आई बसवून ठेवली, याचे उपकार कुणाचे मानायचे ते मला अजून कळत नाही.

शैला दीड महिन्याची झाली तेव्हा देवबागचा एक खलाशी आईकडची पुरचुंडी घेऊन आला. आळीव, डिंक, बाळंतशोपा आणि घुटीची सगळी मुळं, पुन्हा प्रत्येक वेगळ्या चिंधीत. बरोबर पोस्टमास्तरांच्या अक्षरातलं पत्र: घुटी सुरू कर, कसं करायचं ते तुला ठाऊक आहेच. मला ठाऊक होतंच. फक्त सहाण नव्हती. ह्यांना सांगितलं तर ते दुसऱ्याच दिवशी डोंगराच्या पायथ्याचा एक काळा दगड घेऊन आले, कारखान्यात छिन्नीने कडा मारून, वरून सपाट करून. फार हौसेने केला होता. बायकोने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. "बग, तुझ्या आवशीच्यापेक्षा बरो आसा," म्हणाले. दिसायला खरंच देखणा होता.

मी उगाळायला बसले तर खर्र खर्र आवाज आला. मी तो ऐकला, आणि मोजत राहिले. हळकुंडाचे तीन, वेखंडाचे दोन, बाळहिरड्याचे तीन. शिंपली नव्हती, नणंदेने दिलेलं, बाळाला पाजायचं पितळेचं बोंडलं होतं, त्यातच सगळं निपटलं. चार दिवस शैलाचं पोट जरा ढाळलं. मला वाटलं, पाणी बदललं असेल, जणू काही ती आधी कुठलं दुसरं पाणी प्यायली होती. पाचव्या दिवशी पहाटेपासून तिने रडायला घेतलं. खांद्यावर घेतलं, झोळीत घातलं, शेकलं. थांबेना. ह्यांनी जाताना दारातून तीनदा वळून पाहिलं. मी तिला आंघोळ घातली आणि त्या दिवशी जायफळ घेतलं. रडक्या मुलाला दोन वेढे. मी मोठ्याने मोजले: एक, दोन. तिसरा घेतला नाही. आईने शिकवल्याच्या बाहेर मी काही म्हणजे काही केलं नाही.

ती झोपली. इतकी छान झोपली की मी आईच्या नावाने हात जोडले. बाळंतीण झाल्यापासून पहिल्यांदा मी बसून जेवले. भात, इसवणीचं सार, वर लोणच्याची फोड. ताट घासलं, लंगोट धुतले, गच्चीवर वाळत घालून आले. कारखान्याचा जेवणाचा भोंगा झाला. मग छाती ठणकायला लागली, पोलकं ओलं झालं. माझ्या अंगाला तिची वेळ कळली होती, तिला कळली नव्हती. मी तिला उचललं तर मान अशी मागे गेली, जशी ती मान नव्हेच. तळव्यांना गुदगुल्या केल्या. कानात हाक मारली. ओठाला दूध लावलं ते गालावरून खाली गेलं. श्वास होता, पण एक झाल्यावर दुसरा येईपर्यंत मी मोजायचे, आणि मोजणं लांबत होतं.

खालांचं दार मी कसं गाठलं ते आठवत नाही. त्यांनी शैलाचं तोंड हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं.

"जायफळ दिलंस?"

"दोनच वेढे, खाला. आये देता तसेच."

"दगड दाखय."

त्या माझ्या खोलीत आल्या, सहाणेवरून अंगठा एकदा फिरवला आणि झटकन मागे घेतला. "पोरी, हो दगड न्हय गो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ही तुझ्या घोवाची कानस आसा." एवढं बोलून त्यांनी बुरखा चढवला. मी एका पायात माझी आणि एका पायात ह्यांची चप्पल घालून त्यांच्या मागून जिना उतरले. खाली एका सोमाली गाडीवाल्याला खालांनी काय सांगितलं देव जाणे, तो रस्ताभर भोंगा वाजवत गेला.

इस्पितळात त्यांनी खालांना दाराबाहेर थांबवलं. आत फक्त बाळाची आई. एक गोरा डॉक्टर, तरुण, कानाला नळी लावून शैलावर वाकला. त्याने काही विचारलं ते बाजूच्या नर्सने मला हिंदुस्थानीत सांगितलं: बच्ची को क्या दिया? मी म्हटलं, कुछ नहीं. फक्त दूध. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. हे लिहायलाच हवं. माझं मूल समोर निपचित पडलेलं आणि मी खोटं बोलत होते. आमच्या इमारतीत बायका म्हणायच्या की अडाणी आयांची मुलं सरकार काढून घेतं. आणि दुसरं म्हणजे आई. आचऱ्याच्या वाडीत जिची घुटी घेऊन शंभर पोरं मोठी झाली, तिचं नाव या परक्या साहेबाच्या कागदावर कसं लिहू द्यायचं? मला वाटलं, मी गप्प राहिले तर दोघी वाचतील, ही पण आणि ती पण.

ती नर्स गोव्याची होती, हे मला तिच्या गळ्यातल्या क्रूसावरून कळायला हवं होतं. ती टेबलाला वळसा घालून माझ्या जवळ आली, माझ्या वेगवेगळ्या चपलांकडे तिची नजर गेली, आणि ती कोकणीत म्हणाली, "बाये, कितें दिलें ताका? सांग म्हाका. कोण तुका मारचो ना."

मी सगळं सांगितलं. मुळं, दगड, आई, आकडे. ती ऐकता ऐकता डॉक्टरला इंग्रजीत सांगत होती. मग तो थांबला आणि त्याने एक प्रश्न विचारला. तिने तो माझ्याकडे वळवला. दोन वेढे म्हणजे किती? मी म्हटलं, दोन. ती म्हणाली, होय, पण किती? गव्हाएवढं? चण्याएवढं?  एवढी वर्षं मी मोठ्याने मोजत आले होते आणि मी काय मोजत होते तेच मला माहीत नव्हतं.

पुढचे तीन तास त्यांनी तिला झोपू दिलं नाही. नर्स तळव्यांवर टिचक्या मारायची, ओल्या बोळ्याने तोंड पुसायची, माझं काढलेलं दूध थेंब थेंब जिभेवर सोडायची आणि मध्येच पापणी उचलून बघायची. डॉक्टर येऊन जाऊन होता. तो मला लागेल असा एक शब्दही बोलला नाही. ह्यांना कुणीतरी कळवलं असावं. ते तेलाच्या हातांनीच आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले, हात पुसायला काही नाही म्हणून ते अंगापासून लांब धरून. बाहेर मशिदीत दुपारची दुसरी बांग झाली. खाला बाहेरच्या बाकावर नमाज पढत होत्या हे मला मागाहून कळलं. बांग सरली आणि शैलाने तोंड वाकडं केलं. मग ती रडली. पहिल्यांदा मांजरीसारखं, आणि मग पहाटेसारखं, सगळं इस्पितळ दणाणेल असं. नर्सने तिला माझ्या मांडीवर ठेवलं. मी तिला थोपटून गप्प करू लागले तर तिने माझा हात धरला. "रडूं दी," ती म्हणाली. तिचं नाव मी विचारलं नाही. आभार मानायचे असतात हे सुद्धा त्या वेळी सुचलं नाही. ते आभार माझ्याजवळ तसेच राहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. हे सकाळीच सहाण घेऊन खिडकीत बसले, जायफळ घेतलं, दोन वेढे फिरवले, आणि दाढीच्या पात्याने खरवडून सगळं कागदावर घेतलं. छोटा ढीग झाला, चण्याहून मोठा.  दिवसभर लोखंड घासणारा माणूस. कुठली कानस किती खाते ते त्यांना ठाऊक होतं. "दगड माझ्याच हातचो," एवढंच म्हणाले. मग उठून त्यांनी तो दाराला अडण म्हणून लावला, आणि एडन सोडेपर्यंत तो तिथेच राहिला.

आईला आम्ही काही कळवलं नाही. तिची पत्रं यायची, घुटी चालू आहे ना? मी उत्तर लिहायचे, आहे. मुळांची पुरचुंडी मी फळीवर ठेवली होती, ती खाली काढली नाही. प्रत्येक पत्राला एक खोटं, असं वर्षभर.

शैला दीड वर्षाची असताना आम्ही पहिल्यांदा गावी आलो. बोटीवर मला आनंद होत नव्हता. आईला सांगायचं की नाही, हे मी मुंबईपासून मालवणपर्यंत घोकत होते. सांगितलं तर तिचा हात कायमचा थांबेल. नाही सांगितलं तर वाडीतली उद्या कुणी मुंबईला, आफ्रिकेला जाईल, आणि माझ्यासारखीच आकडे घेऊन जाईल. आईने दारात शैलाच्या पायावर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि तिला उलटंपालटं करून बघितलं. "बरा अंग धरल्यान," म्हणाली, "घुटयेचा मूल कळता." मी आत गेले.

तिसऱ्या सकाळी शेजारच्या वाड्यावरून बोलावणं आलं. आई निघाली, मी सहाण घेतली, शैलाला कडेवर घेतलं. तीच पडवी, तसंच बाळ. आई उगाळायला बसली आणि मी सवयीने शेजारी. आवाज नव्हता. इतक्या लांबून आल्यावर मला तो नसलेला आवाज ऐकू आला. माझे ओठ आपोआप हलत होते. हळकुंडाचे तीन झाले, आणि आईने चौथा घेतला. शिंपली उजेडाकडे धरली, बघितलं, अर्धा वेढा आणखी दिला. जायफळ तर तिने नुसतं टेकवल्यासारखं केलं आणि उचललं.

"आये," मी म्हटलं, "हळकुंडाचे चार झाले."

"झाले आसतीत."

"तीन घालूचे ना?"

आई हसली. "माका काय म्हायत बाय? मोजायचंस ता तू. मी रंग बगतंय."

आम्ही घरी आलो. विहिरीवर तिने सहाण धुवायला घेतली तेव्हा सगळं सांगितलं. ट्रंकेतून काढलेला दगड, ह्यांनी आणलेला दगड, मान कशी मागे गेली, मी दोनदा खोटं बोलले ते, आणि पत्रांतली खोटीसुद्धा. आई धुता धुता थांबली. सहाणेच्या खळग्यात पाणी साचलं होतं, त्यात तिने बोट घातलं आणि ते नुसतं फिरवत राहिली. मला वाटलं, रडेल, नाहीतर रागावेल. ती म्हणाली, "तू मोजी होतंस, माका बरा वाटायचा. म्हणान गप रवलंय. तुका बगूक शिकवूचा होता ता रवला." मग तिने शैलाला हाक मारली, जवळ आली तशी तिची मान हातात धरून बघितली, पुढून, मागून, जणू अजून नीट बसली आहे की नाही ते.

निघायच्या आदल्या दिवशी सहाण पुन्हा माझ्या ट्रंकेत होती, वर ती पांढरी शिंपली. नणंद होतीच, या वेळी तिनेच साड्यांच्या मधे दगड नीट बसवून दिला. मी आईला विचारलं, तू काय करशील? ती म्हणाली पाथरवटाकडे नवीन सांगितली आहे. "आता मीच पयल्यापासून शिकतंय."

ती सहाण आज इथे, या थंड देशात, माझ्या कपाटात आहे. गेल्या महिन्यात शैलाच्या मुलीला मुलगा झाला. इथल्या डॉक्टरीणबाईंनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही म्हणून बजावलं, आणि सगळ्यात आधी होकारार्थी मान हलवली ती मी. नात म्हणाली, आजी, तू तरी काहीतरी जुनं सांगशील असं वाटलं होतं. मी तिला ही गोष्ट सांगितली, म्हणून ती लिहिली जात आहे.

आई गेल्यावर मी आचऱ्याला गेले होते. तिची नवी सहाण चुलीशेजारच्या फळीवर होती. मी तिच्यावरून अंगठा फिरवला. दहा-बारा वर्षांत मध्ये फक्त अंगठ्याएवढी जागा गुळगुळीत झाली होती. बाकी दगड अजून खरखरीत. मी भावजयीला विचारलं, आईने पुढे घुटी देणं सोडलं होतं का? ती म्हणाली, सोडलं नव्हतं, पण कुणाचं बोलावणं आलं की जायच्या आदल्या दिवशी सकाळी ती स्वतःसाठी उगाळायची, बाळाएवढीच, चाटायची, आणि मग जेवणवेळेपर्यंत ओटीवर ताठ बसून राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, थांब, माका झोप येता काय बगतंय.